डॉक्टर ‘टू’ म्हणाले, पण टाइप काय करायचे? मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनमधील रोमन आणि साधे अंक

पासष्ट वर्षांचा पुरुष, टाइप टू डायबिटीज, एनवायएचए क्लास टू हार्ट फेल्युअर, पूर्वी टू स्टेंट्स बसवलेले, ईसीजीत लीड्स टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी एलिव्हेशन, टू ओव्हर सिक्स सिस्टॉलिक मर्मर, क्रेनिअल नर्व्ह्ज टू थ्रू ट्वेल्व्ह इंटॅक्ट, सेक्रमवर स्टेज टू प्रेशर इंज्युरी. हे उदाहरण मी रचलेले आहे; पण अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातून येणारे डिक्टेशन साधारण याच धाटणीचे असते आणि बहुतेक वेळा याच्या दुप्पट वेगाने येते. यात ‘टू’ हा शब्द सात वेळा आला आहे. डॉक्टरांनी तो सातही वेळा एकाच सुरात उच्चारला. टाइप करताना मात्र तीन ठिकाणी रोमन अंक द्यायचा आहे आणि चार ठिकाणी साधा. हा फरक कानाला कधीच कळणार नाही. मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे ऐकून रिपोर्ट टाइप करण्याच्या, कामात नव्याने आलेल्या व्यक्तीने तो कसा ठरवावा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी एक खुलासा करतो. या लेखात ‘रोमन २’ असे लिहिले की ‘आय’ हे कॅपिटल अक्षर दोनदा लिहून होणारे चिन्ह समजावे, आणि ‘साधा २’ म्हटले की इंग्रजी मजकुरात एरवी टाइप होतो तो अंक समजावा. या साध्या अंकांना इंग्रजी पुस्तके अरेबिक म्हणतात आणि आपल्या पाचवीच्या गणितात त्यांनाच आंतरराष्ट्रीय संख्याचिन्हे म्हटलेले असते. मुळात ते अंक भारतातले आहेत, हे सांगण्याचा मोह मलाही होतो, पण फाइल परत पाठवण्याची वेळ टळत आलेली असताना तो विषय काढू नये.

पहिली पायरी: अकाउंटच्या सूचना

कोणतीही फाइल उघडण्यापूर्वी त्या अकाउंटच्या, म्हणजे ज्या क्लायंटचे काम आहे त्याच्या, सूचना वाचाव्यात आणि त्यांत अंकांविषयी काय म्हटले आहे ते शोधावे. या कामात अधिकाराची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत वर क्लायंटची सूचना असते. तिच्याखाली अमेरिकेतील या व्यवसायाच्या संघटनेचे ‘बुक ऑफ स्टाइल’ येते आणि त्याहीखाली आपली आवड किंवा सवय येते. ही संघटना १९७८ मध्ये अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन या नावाने सुरू झाली आणि २००७ मध्ये तिने असोसिएशन फॉर हेल्थकेअर डॉक्युमेंटेशन इंटेग्रिटी हे नाव घेतले. त्यामुळे जुन्या एमटींच्या, म्हणजे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्टांच्या, तोंडी एएएमटी आणि नव्यांच्या तोंडी एएचडीआय ऐकू आले, तरी दोघे एकाच घराविषयी बोलत असतात.

क्रेनिअल नर्व्ह्ज, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्या, हे या उतरंडीचे नेहमीचे उदाहरण आहे. परंपरेने त्यांना रोमन अंक देतात, म्हणून आपल्या उदाहरणातील ‘टू थ्रू ट्वेल्व्ह’ हे रोमन २ ते रोमन १२ असे होईल. पण काही अकाउंट तेथे साधे अंकच मागतात, आणि तसे मागितले असेल तर साधेच द्यायचे. एका रिपोर्टमध्ये रोमन आणि दुसऱ्यात साधे, अशी सरमिसळ झाली की क्यूए, म्हणजे रिपोर्टची गुणवत्ता तपासणारा, गुण कापतो आणि त्याचे ते योग्यच असते.

दुसरी पायरी: हे मोजमाप आहे की नाव?

सूचनांमध्ये उत्तर नसेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा आकडा काही मोजतो आहे, की एखाद्या ठरलेल्या वर्गाचे नाव म्हणून आला आहे? जे मोजले, जोखले किंवा बेरजेने मिळवले जाते ते नेहमी साध्या अंकांत लिहितात. वय, वजन, रक्तदाब, औषधाची मात्रा, गर्भाचे आठवडे, ग्रॅव्हिडा आणि पॅरा (गर्भधारणा आणि प्रसूतींची संख्या), टाक्याच्या दोऱ्याची जाडी, मणक्यांचे क्रमांक हे सारे यात येते. ‘टू स्टेंट्स’ ही निव्वळ मोजणी आहे, म्हणून तेथे साधा २ येईल. ग्लासगो कोमा स्केलचे ३ ते १५ गुण आणि बाळाचा अपगार स्कोअर हेही साधेच, कारण ते वेगवेगळ्या निरीक्षणांच्या बेरजेतून आलेले असतात.

नावाचे तसे नाही. एनवायएचए क्लास टू म्हणजे काही दोन एकके बिघाड नव्हे. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने हृदयविकाराच्या रुग्णांचे दैनंदिन हालचालींवरून जे चार वर्ग पाडले, त्यांतील दुसऱ्याचे ते नाव आहे. नावाचे लेखन नाव ठेवणाऱ्याने ठरवलेले असते, आणि येथे ते रोमन आहे. माणसाच्या आडनावाचे लेखन आपण त्याच्या सहीवरून घेतो, स्वतःच्या व्याकरणावरून दुरुस्त करत नाही. तसेच हे आहे. ज्या मंडळींनी ती श्रेणी बांधली त्यांनी ती कशी छापली आणि आज कशी छापतात, एवढे पाहिले की निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतात.

मात्र ‘वर्ग असेल तर रोमन’ असा सोपा नियम कोणी सांगितला, तर तो वहीत लिहून घेऊ नये. टाइप, क्लास, स्टेज आणि ग्रेड हे चारही शब्द दोन्ही प्रकारच्या अंकांबरोबर येतात. शब्दावरून अंक ठरत नाही, पुढच्या-मागच्या आजारावरून ठरतो.

तिसरी पायरी: विभागानुसार ओळख करून घेणे

सर्वांत जास्त घोटाळा कर्करोगात होतो, म्हणून तेथे थोडे थांबू. कर्करोगाची स्टेज रोमन अंकांत लिहितात आणि तिचा उपप्रकार कॅपिटल अक्षराने, मध्ये जागा न सोडता जोडतात. ग्रेड मात्र साध्या अंकांत असते. गाठ, लसीकाग्रंथी आणि शरीरात इतरत्र झालेला प्रसार यांवरून कर्करोगाची व्याप्ती सांगणाऱ्या टीएनएम पद्धतीत टी, एन आणि एम या अक्षरांना लागून येणारे अंकही साधेच असतात. म्हणजे ‘टी टू, एन वन, एम झीरो, स्टेज टू बी, ग्रेड टू’ असे डिक्टेशन आले, तर एकाच ओळीत टीच्या पुढे साधा २, स्टेजच्या पुढे रोमन २ आणि ग्रेडच्या पुढे पुन्हा साधा २ येतो. प्रोस्टेटच्या रिपोर्टमधील ग्लीसन स्कोअर ही बेरीज असल्याने तो आपल्या दुसऱ्या पायरीनेच सुटतो. स्टेज झीरो असेल तर शून्य साधेच लिहावे लागते, कारण रोमन पद्धतीत शून्य नाही.

स्त्रीरोग विभागात फिगोची, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, श्रेणी येते आणि तेथे एकाच संज्ञेत तीन प्रकारची चिन्हे एकत्र नांदतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी डॉक्टर ‘स्टेज वन बी टू’ म्हणाले, तर रोमन १, मग कॅपिटल बी, मग साधा २ असे एकसंध टाइप होते. ‘थ्री सी वन’मध्ये रोमन ३, सी आणि साधा १. पहिला अंक रोमन आहे म्हणून शेवटचाही रोमन करण्याची चूक नवखी मंडळी फार करतात. त्याचा परिणाम असा होतो की वाचणाऱ्याला शेवटची ‘आय’ ही अंक आहे की अक्षर, हेच कळेनासे होते. मेलानोमाची क्लार्क लेव्हल रोमन १ ते ५ असते, आणि तिच्याच शेजारी येणारी ब्रेस्लो जाडी मिलिमीटरमध्ये मोजलेली असल्याने साधी.

हृदयविभागात एनवायएचएप्रमाणेच किलिप क्लास आणि कॅनेडियन कार्डिओव्हॅस्क्युलर सोसायटीची अंजायनाची श्रेणी, ही दोन्ही रोमन. मोबिट्झ टाइप वन आणि टू रोमन. पण त्याच वाक्यातील सेकंड-डिग्री हा शब्द क्रमवाचक असल्याने तो अक्षरी किंवा साध्या अंकाने लिहितात. ईसीजीतील हातापायांच्या पहिल्या तीन लीड्स रोमन १, २, ३ अशा असतात, म्हणून आपल्या उदाहरणातील ‘लीड्स टू, थ्री’ रोमन झाले. छातीवरच्या लीड्समध्ये मात्र व्हीला लागून साधे १ ते ६ येतात. मर्मरची, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर ऐकू येणाऱ्या जादा आवाजाची, तीव्रता सहापैकी किती हे सांगणारी असल्याने ‘टू ओव्हर सिक्स’ साध्या अंकांत, मध्ये तिरपी रेघ देऊन लिहावे. जुन्या रिपोर्टमध्ये तेथे रोमन दिसतील, त्यांची नक्कल करू नये. हे २/६ अमेरिकी पद्धतीत सहा फेब्रुवारी असेही वाचता येते, त्यामुळे आधी ग्रेड हा शब्द आहे ना, ते पाहावे.

रक्तविकाराच्या रिपोर्टमध्ये रक्त गोठवणारे फॅक्टर रोमन अंकांनी ओळखले जातात. ते १ ते १३ आहेत आणि त्यांत ६ वापरात नाही. कोणी ‘फॅक्टर सिक्स’ म्हणाल्यासारखे वाटले, तर ऑडिओ मागे घ्या. येथे ‘आय’ आणि ‘एक्स’ या दोन अक्षरांचा क्रम फार जपावा लागतो. ‘आय’ आधी आणि ‘एक्स’ नंतर म्हणजे नऊ. त्या फॅक्टरची कमतरता म्हणजे हिमोफिलिया बी. ‘एक्स’ आधी आणि ‘आय’ नंतर म्हणजे अकरा. त्याची कमतरता म्हणजे हिमोफिलिया सी. स्पेलचेकच्या दृष्टीने दोन्ही बरोबर असतात, बोटांचा क्रम चुकला तरी लाल रेघ येत नाही आणि रुग्णाचा आजारच बदलतो. फॅक्टर फाइव्ह लायडन यातही फाइव्ह रोमन असून लायडन हे नेदरलँड्समधील शहराचे नाव आहे. याच विभागात येणारा प्लेटलेट फॅक्टर फोर मात्र गोठण्याच्या त्या मालिकेतला नाही, त्याचा ४ साधाच.

बाकीचे विभाग भरभर पाहू. अस्थिरोगात साल्टर-हॅरिस, ल फोर आणि गस्टिलो या फ्रॅक्चरच्या श्रेणी रोमन. पोटाच्या शस्त्रक्रियेत बिलरोथ वन आणि टू रोमन. भूल देण्यापूर्वीचा एएसए वर्ग आणि मलमपट्टीशी काही संबंध नसलेला, घशाच्या तपासणीतला मलमपाटी क्लास, हे दोन्ही रोमन. त्वचेचे फिट्झपॅट्रिक टाइप रोमन. मॅमोग्राफीतील बायरॅड्स कॅटेगरी साधी. मूत्रपिंडविकाराची, म्हणजे सीकेडीची स्टेज साधी. मूत्राशयातून मूत्र उलटे चढण्याच्या रिफ्लक्सची ग्रेड परंपरेने रोमन १ ते ५ असते. ग्रेड साधी असते ही समजूत येथे मोडते.

चौथी पायरी: रोमन वाटणारी अक्षरे

काही अक्षरे अंकासारखी दिसतात पण अंक नसतात. ट्रोपोनिन आय यातील ‘आय’ हे इन्हिबिटरी या शब्दाचे आद्याक्षर आहे. तेथे साधा १ टाइप केला तर तपासणीचे नावच चुकते. ईसीजीच्या व्ही टूमधील ‘व्ही’ हे अक्षर आहे. मात्र न्यूरॉलॉजीत चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या शाखांना व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री म्हणतात, आणि तेथे तेच ‘व्ही’ खरोखर रोमन ५ असते, कारण ती पाचवी क्रेनिअल नर्व्ह आहे. टाइप दोन्हीकडे सारखेच होते. अडचण येते ती अकाउंटने क्रेनिअल नर्व्ह साध्या अंकांत मागितल्यावर. अशा वेळी मुख्य नर्व्हला साधा ५ द्यावा आणि शाखांची रूढ नावे आहेत तशीच ठेवावीत. भारतातील रुग्णालयांसाठी काम करणाऱ्यांना शेड्यूल एक्स भेटेल. औषधांच्या नियमांतले ते ‘एक्स’ म्हणजे दहा नव्हे, एच आणि एच वनच्या रांगेतले अक्षर आहे.

यातले सर्वांत धोकादायक जोडपे ‘आय’ आणि ‘व्ही’चे. रोमन ४ आणि शिरेतून देण्याच्या औषधाचे ‘आयव्ही’ हे संक्षिप्त रूप, दोन्ही कॅपिटलमध्ये हुबेहूब सारखी दिसतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका अकाउंटने क्रेनिअल नर्व्ह्ज साध्या अंकांत लिहिण्याची नवी सूचना काढली. टेम्प्लेटमध्ये एकेक नर्व्ह वेगळी दिलेली होती. ती हाताने बदलण्याचा मला कंटाळा आला आणि मी संपूर्ण रिपोर्टवर फाइंड अँड रिप्लेस चालवले. नर्व्ह्ज व्यवस्थित बदलल्या, पण खाली उपचारांच्या परिच्छेदात ‘रुग्णाला आयव्ही अँटिबायोटिक्स सुरू केली’ या अर्थाच्या वाक्याचे ‘रुग्णाला ४ अँटिबायोटिक्स सुरू केली’ असे झाले. व्याकरण शुद्ध, वाक्य अर्थपूर्ण, आणि मजकूर साफ खोटा. क्यूएला बसणाऱ्या ताईंना एवढी अँटिबायोटिक्स असूनही औषधांच्या यादीत एकच नाव कसे, अशी शंका आली म्हणून ते सापडले. तेव्हापासून अंकांसाठी ‘रिप्लेस ऑल’ मी वापरत नाही आणि कोणी वापरताना दिसले तर उठून त्यांच्या टेबलाशी जातो.

पाचवी पायरी: बदललेल्या संज्ञा

पाठांतरावर भिस्त ठेवता येत नाही, कारण वैद्यकातील प्रवाह रोमनकडून साध्या अंकांकडे वाहतो आहे. मधुमेहाचे उदाहरण सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके आहे. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने १९९७ मध्ये टाइप वन आणि टाइप टू साध्या अंकांत लिहावेत असे ठरवले, आणि त्यामागे दिलेले कारण असे की रोमन २ हा सामान्य माणसाला सहज ११ वाटू शकतो. त्यामुळे आपल्या उदाहरणातील टाइप टू डायबिटीजला साधा २ येतो. जुन्या सवयीचा डॉक्टर स्वतःच्या हस्ताक्षरात अजून रोमन काढत असेल, पण रिपोर्टमध्ये तो नको.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या जखमांचेही तसेच झाले. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल प्रेशर अल्सर अ‍ॅडव्हायझरी पॅनेलने प्रेशर अल्सरऐवजी प्रेशर इंज्युरी ही संज्ञा आणली आणि त्याच वेळी स्टेजचे रोमन अंक काढून साधे केले. म्हणून सेक्रमवरील स्टेज टू साधा २, आणि तोच रुग्ण कर्करोगाचाही असला तर त्याच्या कर्करोगाची स्टेज टू रोमन २. उदाहरणातले सात ‘टू’ येथे पूर्ण झाले: क्लास, लीड्स आणि नर्व्ह्ज रोमन, बाकीचे चार साधे.

मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आवृत्तीपासून ग्रेड साध्या अंकांत आणली. रोमन २ आणि ३ किंवा ३ आणि ४ यांत एका उभ्या रेघेच्या चुकीने ग्रेड बदलण्याची भीती हे त्यामागचे एक कारण होते. मानसोपचारात गंमत आहे. निदानाच्या अमेरिकी ग्रंथाने २०१३ मध्ये आपल्या नावातला रोमन अंक सोडून डीएसएम-५ असे साधे रूप घेतले, पण आत बायपोलर वन आणि बायपोलर टू ही निदाने रोमनच राहिली. डॉक्टरांनी जुन्या रिपोर्टचा हवाला देत ‘डीएसएम फोर’ म्हटले, तर तो ग्रंथ रोमन ४ नेच ओळखला जात होता, त्याला नव्या पद्धतीत ओढू नये.

सहावी पायरी: टाइप करताना

रोमन अंक कॅपिटल अक्षरांनीच आणि कीबोर्डवरच्या साध्या अक्षरांनीच टाइप करावेत. संगणकात रोमन अंकांची स्वतंत्र जोडचिन्हेही असतात, पण ती रुग्णालयाच्या प्रणालीत गेल्यावर तेथे रिकामा चौकोन दिसण्याचा संभव असतो. कॅपिटल ‘आय’ऐवजी साधा १ किंवा स्मॉल ‘एल’ वापरणे ही चूक पडद्यावर दिसत नाही, पण शोध घेताना ती नोंद सापडत नाही. रोमन अंकानंतर पूर्णविराम देऊ नये, तसेच त्याला क्रमवाचक प्रत्यय लावू नये. ‘थर्ड नर्व्ह पाल्सी’ असे ऐकू आले तर थर्ड अक्षरी लिहावे किंवा साध्या ३ ला प्रत्यय लावावा. रोमन ३ ला तो प्रत्यय चिकटवलेला दिसला की लिहिणारा नवा आहे हे लगेच ओळखू येते.

शॉर्टकटसाठी एक्स्पान्डर, म्हणजे दोन-तीन अक्षरांवरून पूर्ण मजकूर टाइप करून देणारे सॉफ्टवेअर, वापरत असाल, तर ‘स्टेज टू’साठी एकच नोंद करू नका. कर्करोगासाठी वेगळी, प्रेशर इंज्युरीसाठी वेगळी आणि सीकेडीसाठी वेगळी करा, आणि नोंदीत आजाराचे नावही येऊ द्या. वेळ वाचवणारा एक्स्पान्डर चूकही तेवढ्याच वेगाने शंभर रिपोर्टमध्ये पोहोचवतो.

सातवी पायरी: एडिटिंग आणि शंका

आता बऱ्याच जणांच्या वाट्याला कोरे टायपिंग कमी आणि स्पीच रेकग्निशनने काढलेल्या मसुद्याचे एडिटिंग अधिक येते. यंत्राने अंक नीटनेटका छापलेला असला की डोळा त्यावरून घसरतो, म्हणून मसुदा ऐकून झाल्यावर केवळ अंकांसाठी एक वेगळी नजर फिरवावी. स्टेज, ग्रेड, क्लास, टाइप, लेव्हल, फॅक्टर, लीड आणि नर्व्ह या आठ शब्दांपाशी थांबले तरी पुष्कळ चुका सापडतात.

एखादी श्रेणी कोठेच सापडत नसेल, तर साधा अंक द्यावा. रोमन अंकासाठी आधार लागतो, साध्यासाठी लागत नाही. पण ही मुभा केवळ लेखनाच्या रूपापुरती आहे. डॉक्टर ‘टू’ म्हणाले की ‘थ्री’, हेच ऐकू येत नसेल तर तेथे अंदाज चालत नाही. तीन वेळा ऐकूनही कळले नाही तर ब्लँक ठेवावा, वेळेची खूण द्यावी आणि फाइल क्यूएकडे पाठवावी. क्यूएकडून उत्तर आले की ते त्या अकाउंटच्या नावाखाली वहीत तारखेसह उतरवून ठेवावे. पुढच्या वेळी तोच डॉक्टर तीच श्रेणी त्याच घाईत सांगणार असतो.